रामगढच्या लाँचचं इंजिन

—छे छे, भंगारात कसलं देतोस! आधी बस तू. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय डुगडुगतोय, या खोक्यावर बस. घामानं नुसता निथळतोयस. चांदपोलपासून सायकल मारत आलास? मे महिन्यात, दुपारी तीन वाजता? अरे, चपराशाकडून निरोप दिला असतास तर मीच आलो असतो. पण तुला निरोप द्यायचा नव्हता, नाही का? तुला स्वतःच यायचं होतं. भैया, दो चाय भेजना! एक बिना चिनी! — बघ, तुझी साखर अजून माझ्या लक्षात आहे. सर्जेराव, तू माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, लहानपणापासूनचा सोबती, तुझं काय लक्षात नसणार माझ्या. तर काय म्हणत होतास — हे इंजिन भंगारात दाखव, कागद मी करतो. तू स्टोअरचा मुख्य आहेस, तू करशील कागद, त्यात काही शंकाच नाही. पण आता उशीर झाला गड्या. अठरा दिवस मी याच्यावर काढलेत. आणि हे मी मागून आणलेलं नाही, तुमच्या पाटबंधारे खात्यानंच ट्रकमधून पाठवलंय. तुझ्या नव्या साहेबांना पावसाळ्याच्या आत तळ्यावर लाँच चालू पाहिजे. त्यांना कुणीतरी सांगितलं, जुनं इंजिन असेल तर सांगानेर रोडवर एक मराठा आहे, त्याच्याकडे न्या. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तो मराठा म्हणजे याच लाँचवरनं हाकललेला माणूस! मीही बोललो नाही. ठेवा म्हटलं, बघतो.

तुला सांगतो, ताडपत्री काढली ना वरची, तेव्हा ओळखू नाही आलं मला. बारा वर्षं. बावन्न सालच्या श्रावणात शेडमध्ये ढकलली ती लाँच, कुलूप लावलं, वर लाखेचं सील लावलं, त्यानंतर कुणी बघितलंसुद्धा नाही. धुराच्या नळीत उंदरांनी घर केलेलं, सगळी कार्यालयाची कागदं कुरतडून आत नेलेली. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झालेला, चमच्यानं खरवडून काढला. आणि चारही पिस्टन असे धरून बसलेले की हँडलला मी लोंबकळलो तरी इंजिन हूं नाही की चूं नाही. दुसरा कुणी असता तर घण घातला असता. मी घातला नाही. स्पार्क प्लगच्या भोकांतून घासलेट आणि ऑइल ओतलं, निम्मं निम्मं, आणि रोज सकाळी येऊन बघायचो किती खाली उतरलंय. पहिले चार दिवस थेंबभर नाही. पाचव्या दिवशी दुसऱ्या नंबरातलं जरासं कमी झालं. नवव्या दिवशी बाभळीचा ठोकळा ठेवून लाकडी हातोड्यानं टुक टुक टुक — आणि हलला! केसाएवढा हलला, पण हलला. मी एकटाच मोठ्यानं हसलो, समोरचा टायरवाला बघायला आला काय झालं म्हणून. मग ठिणगी पाडणारा मॅग्नेटो काढला, चुलीच्या कडेला तीन दिवस वाळत ठेवला, बसऱ्याला आपण वाळवायचो तसा. आठवतंय? लढाईतली ती नदी, ते खजूर, तू सुकाणूवर आणि मी खाली इंजिनात. वारणेत पोहायला शिकलेली दोन पोरं, कुठं जाऊन बोटी चालवत होती!

आणि मग सत्तेचाळीस साली हे. लढाईतलं सामान लिलावात निघालं, त्यातली ही लाँच मुंबईहून रेल्वेच्या उघड्या वाघिणीवर चढवून जयपूरला आणली — आणि तिच्याबरोबर आपण दोघं. गावाकडं लोक हसायचे, म्हणायचे, वाळूत बोट चालवायला निघालेत लेकाचे. पण रामगढचं तळं बघितल्यावर मी म्हटलं, सर्जा, इथंच म्हातारे होऊ आपण. इंदूचं तुझ्याशी लग्न मी लावलं ते त्याच्या पुढच्या वर्षी. बंधाऱ्याखाली शेजारशेजारची क्वार्टरं, मधे एक भिंत. माझी गिरिजा भाकरी थापायला लागली की तुमच्या घरात आवाज यायचा. चहा घे. घे रे, निवतोय.

आता तो दिवस. तुला का सांगतोय म्हणतोस? तू होतासच की तिथं. होतास, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेलं नाहीस. बारा वर्षांत आपण दोघं एकदाही त्यावर बोललो नाही, ध्यानात आलंय तुझ्या? तू विषय काढला नाहीस, मला वाटायचं माझं मन दुखू नये म्हणून. ऐक. सकाळी घरात भांडण. गिरिजाला नागपंचमीला माहेरी जायचं होतं, तीन वर्षं गेली नव्हती. मी म्हटलं, तळं भरलंय, सांडव्यावरनं पाणी चाललंय, मला रजा नाही, आणि एकटी तू जायची नाहीस. ती म्हणाली, तुमच्या इंजिनाला लेकरासारखं जपता, माणसाला नाही. मी डबा न घेताच निघालो. वाटेत तुला सांगितलं सगळं — तूच होतास सांगायला. मग लाँच काढली, मी इंजिनावर, तू सुकाणूवर, आणि पाण्याची पातळी बघणारा तो छोगालाल, पुढं लाँचच्या नाकावर उकिडवा बसलेला, विडी ओढत. वारा सुटलेला. सांडव्याच्या अलीकडं तीन-चारशे हात असू, तेव्हा मला जळका वास आला. मी झाकण उघडतोय तोवर इंजिन किंचाळलं आणि बसलं. एकदम. आणि लाँच वाऱ्यानं आणि पाण्याच्या ओढीनं सांडव्याकडं. तू नांगर टाकलास, तो लागेना. छोगालालनं दोर कमरेला बांधून उडी मारली, त्या दगडी खांबाला दोर घालायला. घातलाही. त्यानंच वाचवलं आपल्याला. दोर घातला आणि हात सुटला त्याचा, आणि कमरेची गाठही सुटली. मी उडी मारली मागनं. सांडव्याच्या कडेला त्याचा सदरा माझ्या हाताला लागला, सदराच आला हातात. तो खाली सापडला, तासाभरानं.

तोवर लाँचवर कोण होतं? तू. एकटा.

नाही नाही, उठू नकोस. चहा संपव. मी नुसतं सांगतोय. मग तेव्हाचे साहेब आले, झाकण उघडलं, आणि पाण्याचा कॉक बंद. तळ्यातलं पाणी आत घेऊन इंजिन थंड ठेवायचं, त्याचा कॉक — बंद! इंजिनवाल्याचं पहिलं काम काय? कॉक उघडायचा, मग हँडल मारायचं. शिकाऊ माणूसही चुकत नाही. आणि मी चुकलो. चौकशीत मला विचारलं, उघडला होतास का? मी म्हटलं, साहेब, उघडला असणार, रोज उघडतो. असणार नको, म्हणाले, आठवतं का? आता खरं सांगू तुला? माझ्या हाताला आठवत होतं. त्या कॉकची मूठ जरा वाकडी होती, बोटाला टोचायची, त्या दिवशीही टोचली होती — असं हाताला आठवत होतं. पण तू उभा राहिलास आणि म्हणालास, ‘साहेब, हिंदुराव चांगला माणूस आहे, सकाळी त्याचं घरात भांडण झालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं त्याचं.’ आणि माझ्याकडं बघून रडलास. मला वाटलं, मला वाचवायला बोलतोय हा! मी माझ्या हातावर विश्वास नाही ठेवला सर्जेराव, तुझ्यावर ठेवला. म्हटलं, हा म्हणतोय म्हणजे तसंच असणार, आणि साहेबांना सांगितलं, हो, विसरलो मी. सही केली. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. आणि मग तू गहू पाठवायचास, दिवाळीला इंदूच्या हातून लाडू, हे दुकान टाकलं तेव्हा हा पत्रा तूच मिळवून दिलास — हा, आपल्या डोक्यावरचा. मी एकदा तुझ्या पाया पडलो होतो. वयानं तू लहान, धाकट्या बहिणीचा नवरा, तरी पडलो. तू पाय मागं घेतलेस. मी म्हटलं केवढं मोठं मन!

थांब, जरा ऐकवतो तुला. त्यासाठीच आलायस ना — चालू होतंय की नाही बघायला? बाजूला सरक. हे बघ, या पिंपातनं पाणी, हा धुराचा पाइप बाहेर, आणि हे हँडल. एक... दोन... हां! ऐक! ऐकतोयस? कुठं खडखड आहे का? चारही एकसारखी. दोन सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा घातल्या, बाकी सगळं तेच जुनं लोखंड. काय म्हणतोस? मोठ्यानं बोल! — थांब, बंद करतो. हं. बोल आता. अजून भंगारातच घाल म्हणतोस? बरं.

आता तू विचारलं नाहीस, पण सांगतो. एवढं सगळं झाल्यावर शेवटी मी पाण्याचा पंप उघडला. शेवटी का? भीती वाटत होती म्हण. माझी चूक त्या पंपात होती ना. कॉक बंद ठेवून इंजिन चालवलं तर आतला रबरी पंखा कोरडा फिरतो आणि जळतो. जळून काळा डांबरासारखा कडेला चिकटतो, तासून काढावा लागतो — बसऱ्याला असे दहा तरी काढलेत मी. मतलब, मला ठाऊक होतं आत काय दिसणार. चार स्क्रू काढायला मला अख्खी सकाळ लागली. आणि झाकण काढलं तर — हे बघ. या फडक्यात ठेवलंय. घे ना हातात. घे. चावत नाही. जळलाय कुठं? वास घे. एक डाग दाखव. नुसता कडक झालाय, शेवाळाचा कण आहे त्याच्यावर अजून, आणि सहापैकी चार पाती मुळातनं तुटलीत. जुनं रबर, वाळलं आणि तुटलं. पाणी येत होतं, सर्जेराव. पंप ओला होता शेवटपर्यंत. पंख्यालाच पाती नव्हती, तर ते वर चढवणार कोण? कॉक उघडा होता. मी उघडला होता.

आणि आता दुसरं. हा पंखा जुना कसा? बावन्नच्याच आषाढात मी आईच्या वर्षश्राद्धाला गावी गेलो, तेव्हा मुंबईहून नवा पंखा आला होता. मी जाताना तुला सांगून गेलो, चार स्क्रू आहेत, एवढा बसवून टाक. परत आलो, विचारलं, तू म्हणालास, बसवला. लॉगबुकात तुझ्या हातचं आहे, बसवला. मी उघडून बघितलं नाही. तू सांगितल्यावर मी कशाला उघडतोय?

काय? जरा मोठ्यानं. — फाटला? बसवताना फाटला. हं. जोर लावलास, पातं फाटलं, आणि सांगायची भीती वाटली. दुसरा मागवला तर तो साहेब तुला शेकून काढेल म्हणून जुनाच परत घातलास. एवढंच? अरे मर्दा, एवढंच होतं तर मला का नाही सांगितलंस? मी हसलो असतो रे! माझ्या हातनं किती फाटलेत! आपण जुनाच चालवला असता महिनाभर, हळू, सांडव्याकडं न जाता — आणि छोगालाल संध्याकाळी घरी विडी ओढत बसला असता. पंखा फाटला त्याचं मला काही नाही. तुझ्या डोळ्यांत बघून सांगतो, त्याचं काही नाही. माणूस घाबरतो. पण मी पाण्यात होतो सर्जेराव. मी त्या माणसाला शोधत पाणी पीत होतो, आणि तू लाँचवर वाकून, झाकणात हात घालून, कॉक फिरवत होतास. कारण पंप उघडला असता तर तुझं नाव निघालं असतं. कॉक बंद दिसला की पंप उघडायचं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. कुणाच्या आलंही नाही. तुझं डोकं इतकं चाललं त्या वेळी? खाली माणूस बुडतोय, आणि — नाही, मला सांगू नकोस. काय वाटलं, कसं वाटलं, नको सांगू. रडू नको. त्या वेळी रडलास तेवढं पुरे.

तुला वाटत असेल नोकरीसाठी बोलतोय हा. नोकरी गेली ती बरीच झाली एका अर्थी, आज सांगानेरपर्यंतच्या विहिरींवरची इंजिनं माझ्याकडं येतात. नोकरी नाही रे. मी — गिरिजाला मी — हे मला तुला सांगायचं नव्हतं. हे तुझ्यासमोर काढायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण आता तोंडातनं निघालंच. मी तिला म्हटलं होतं, त्याच संध्याकाळी, छोगालालला आणून ठेवल्यावर — तुझ्यामुळं माणूस मेला. सकाळी तू डोकं फिरवलंस म्हणून मी विसरलो, तुझ्यामुळं. आणि एकदाच नाही म्हटलं. वर्षानुवर्षं म्हटलं. भाजीत मीठ जास्त झालं तरी म्हटलं. तिनं एकदा तरी उलटून बोलावं? नाही. तिनं ते खरं धरलं. तू चौकशीत साक्ष दिलीस भांडणाची, ती तिच्या कानावर आलीच, इंदूनंच सांगितलं असेल भोळेपणानं. नवरा म्हणतो, नणंदेचा नवरा म्हणतो, सरकार म्हणतं, मग खरंच असणार! त्यानंतर ती एकदाही माहेरी गेली नाही, ठाऊक आहे तुला? एकदाही नाही. आई वारली तिची, तरी नाही. मला कधी विचारलंच नाही तिनं जाऊ का म्हणून. दर महिन्याला बसनं रामगढला जायची, छोगालालच्या बायकोकडं. पीठ दळून द्यायची, गोधड्या शिवून द्यायची, तिच्या लेकीच्या लग्नात आठ दिवस राबली. मला वाटायचं हिला माणसांची हौस. ती फेडत होती रे. माझी चूक, नाही, माझीही नाही, तुझी चूक, ती फेडत होती.

बासष्टच्या थंडीत ती गेली, तू होतास, खांदा दिलास. पण आदल्या दिवशी तू नव्हतास. कावीळ डोळ्यांत उतरली होती, बोलणं तुटक झालेलं. मला म्हणाली, ‘अहो, तुम्ही तो कॉक... नक्की विसरला होतात का हो? जरा आठवून बघा ना.’ बघ! बारा वर्षांत — दहा म्हण तेव्हा — पहिल्यांदा विचारलं तिनं. जाताना तिला तेवढंच पाहिजे होतं. आणि माझ्या हाताला आठवत होतं, मूठ टोचली होती ते. तेव्हाही आठवत होतं. मी एवढं म्हटलं असतं, ‘नाही गं, मला वाटतं उघडला होता’ — काय लागत होतं त्याला? पण मी म्हटलं नाही. उघडला होता म्हटलं तर मग कुणीतरी बंद केला, आणि बंद केला तर तूच, दुसरं होतंच कोण! आणि तसा विचार करायची माझी हिंमत नव्हती. तुला वाचवलं मी त्या खाटेशी. मी भिंतीकडं बघितलं. ती म्हणाली, असू द्या. तेवढंच म्हणाली.

म्हणजे मला ठाऊक होतं का? विचारतोयस ते? विचार, बरोबर आहे तुझं. नव्हतं... होतं... मला नाही सांगता येत. पंप उघडायला सकाळ लागली ती कशाची भीती होती, तेही आता मला नीट सांगता येत नाही.

नाही. पाया पडू नकोस. उठ. उठ म्हणतो ना, उठ! हा पंखा इकडं दे. खिशात नको. दे. हं. — पाच वाजता साहेब येणार आहेत, जीपनं, इंजिन बघायला. त्यांच्या हातात मी हा देणार आणि जे तुला सांगितलं ते सांगणार. गिरिजाचं सोडून. तुझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय, ठाऊक आहे मला. काय होईल ते होईल, मी त्यांना हे करा ते करा म्हणणार नाही, फक्त सांगणार. तुला थांबून स्वतः सांगायचं असेल तर थांब बाहेर लिंबाखाली. नसेल सांगायचं तर सायकल घे आणि जा. उद्या सकाळच्या बसनं मी रामगढला जाणार, छोगालालच्या बायकोला सांगायला. तिला गिरिजाचं कळलं पाहिजे — की त्या बाईचा काही संबंध नव्हता. तिचे उपकार होते ते, फेड नव्हती.

इंदू? इंदूचं नाव आत्ता काढू नकोस. माझी बहीण आहे ती, तिच्या घरात मी काडी टाकायला येणार नाही. पण तिनं मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ती विचारायच्या आत तू सांग. आज जेवायच्या आधी सांग. नाही, मी बरोबर येणार नाही. आणि तो गव्हाचा डबा, दिवाळीचे लाडू, ते सगळं — ते मी खाल्लं, ते आता परत कसं करू? कशाला ते काढतोस? खाल्लं मी. गोड लागलं.

बस झालं. बोलू नकोस आता. जा. — तिकडनं नको! पाइप तापलाय अजून, भाजशील. इकडनं. हां, इकडनं. जा.